आठशे ग्रॅम तांदूळ

"ही बोलली की बाळ्या हरला," आत्यानं खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढली आणि तीत ऐसपैस बसत पुन्हा एकदा जाहीर केलं. "आणि बाळ्या हरला की सोमवारची बस हिला न घेता जाणार. कुणाला काही शंका?"

शंका कुणालाच नव्हती. अटी गुरुवारीच ठरल्या होत्या. ठरवताना घरातले सगळे हजर होते आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. नाटक मंडळी चार महिन्यांच्या दौऱ्यावर निघाली होती आणि कपडेपट सांभाळायला त्यांना आई हवी होती. वीस वर्षं तिनं घरी बसून त्यांचे राजे, शिपाई आणि भुतं शिवली होती. आता मॅनेजरचं म्हणणं होतं, की दर प्रयोगाला कुणाची तरी बाही उसवतेच, तर बाईंनी सोबतच यावं. आईला जायचं होतं. एकसष्टाव्या वर्षी तिला एखाद्या गोष्टीचं इतकं मन झालं, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. पण बोलता बोलता ती म्हणून बसली, "ह्यांना चहासुद्धा धड जमत नाही. ह्यांना उपाशी ठेवून मी कुठे हिंडू?" त्यावर बाबा, म्हणजे आत्याचा बाळ्या, ताडकन म्हणाले, "रविवारी कोंबडीभात करून घालतो सगळ्यांना. मग तर जाशील?"

आत्याला एवढंच पुरेसं होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती, दोन माणसं बोलत असली की मध्ये तिसरी ती असायचीच. तिनं बोटांवर कलमं मोजली. बाबांनी एकट्यानं करायचं. एकाच पातेल्यात करायचं. सगळ्यांची ताटं स्वच्छ झाली तर जिंकले. आणि आईनं खिडकीपाशी बसून राहायचं, शेवटचं ताट स्वच्छ होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मॅनेजर आठ वाजता फोन करणार होता.

घरात सरळ दोन पक्ष पडले होते. थोरली लेक आणि सून आईच्या जाण्याच्या बाजूनं. धाकटा मुलगा, म्हणजे सुनेचाच नवरा, आणि आत्या विरुद्ध. आत्या मागच्याच गल्लीत राहायची आणि रोज संध्याकाळी साडेपाचला गप्पा मारायला यायची. म्हणजे गप्पा आत्या मारायची, आई काजं करत ऐकायची. चार महिने हे सगळं सांगायचं कुणाला, हा तिचा खरा प्रश्न होता, पण ती तो "बाळ्याच्या तब्येतीची काळजी" म्हणून मांडत होती.

बाबांनी ॲप्रन बांधला आणि टेबलावर हत्यारं मांडली. हत्यारंच म्हणायला हवीत, कारण ज्या शिस्तीनं ते दुकानात बसत त्याच शिस्तीनं ते आता ओट्यासमोर उभे होते. काटेवाले म्हणून सगळा बाजार त्यांना ओळखत होता. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत कुणाचाही काटा बिघडला, की तो त्यांच्या टेबलावर यायचा आणि सरळ होऊन जायचा. सुरी, चमचे, घड्याळ, एक छोटी निळी वही, आणि मधोमध घरातला तबकडीचा काटा, घासूनपुसून लख्ख केलेला. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी तो दुकानात नेला होता. आतली स्प्रिंग गंजलेली दिसली म्हणून नवी घातली होती, वजनं ठेवून अगदी ग्रॅमपर्यंत बिनचूक करून आणला होता.

"बाबा, कांदा डोळ्यांपासून लांब धरा," सून म्हणाली. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढाच आवाज तिच्याकडे होता, लहान आवाज आणलाच नव्हता.

"सूचना नकोत!" आत्या ओरडली. "एकट्यानं म्हणजे एकट्यानं."

"सूचना कसली, मी आपलं कांद्याशी बोलतेय."

बाबांनी कुणाकडेच लक्ष दिलं नाही. कांदा तांबूस होईपर्यंत परतला, लसूण आणि मिरी टाकली, कोंबडीचे बारा तुकडे एकेक करून पातेल्यात सोडले आणि वहीत बघून घड्याळ लावलं. वास सुटला तशी थोरलीनं भुवई उंचावली. ती इस्पितळात नर्स होती, तीस खाटांचा वॉर्ड सांभाळायची, आणि तिची उंचावलेली भुवई म्हणजे मोठं प्रशस्तिपत्रक होतं. बाबांना मनातून गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी तांदळाचा डबा उघडला, काट्यावर वाडगा ठेवला आणि ओंजळीनं नव्हे, चमच्यानं तांदूळ घालत गेले. सुई आठशेवर आली. दोन दाणे जास्त वाटले, ते उचलून परत डब्यात टाकले.

खिडकीपाशी आई एका राजाच्या अंगरख्याला बटणं लावत होती. तिचं लक्ष बटणांवर नव्हतं. वाडग्यातला तांदूळ पातेल्यात पडताना तिनं पाहिला आणि तिच्या हाताची सुई थांबली. जास्त होता. बराच जास्त होता. आईनं आयुष्यात कधी तांदूळ तोलला नव्हता, ती ओंजळीनं घ्यायची, पण तिच्या ओंजळीला ठाऊक होतं. आणि वर पाणी मात्र त्यांनी तिच्यासारखंच घातलं, पातेल्याच्या आत कडीचा खिळा दिसतो तिथपर्यंत. खाली एवढा तांदूळ असताना खिळ्यापर्यंत पाणी म्हणजे दाणा कच्चा राहणार. हे लहान पोराला कळावं.

ह्यांना कळत नसेल? ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला?

मग एक विचार तिच्या मनात आला आणि जाता जाईना. ह्यांना मी जायलाच नकोय. तोंडानं हो म्हणायचं आणि भात बिघडवायचा. म्हणजे कुणाचं मन मोडायला नको आणि बायकोही घरात. तिचा जीव एकदम खट्टू झाला. सरळ म्हणाले असते 'जाऊ नकोस', तर ती भांडली असती, रडली असती आणि कदाचित राहिलीही असती. पण हे असं? तिनं ओठ मिटले आणि बटण इतकं घट्ट शिवलं, की राजाला ते पुढं कधी उघडता आलं नसतं.

"आईचा चेहरा बघितलास?" थोरली बाहेरच्या खोलीत सुनेच्या कानाशी लागली. "काहीतरी चुकलंय."

"ताई, मला तर वास मस्त येतोय."

"वास मलाही येतोय. पण आईला इंजेक्शन देताना पण ती असा चेहरा करत नाही."

पातेल्यावर झाकण बसलं. वहीत लिहिलं होतं: वाफ, मंद आच, अठरा मिनिटं, उघडून बघायचं नाही. बाबा ताटं पुसायला बाहेर गेले. आत्या त्यांच्यावर नजर ठेवायला उठली, आणि आईनं चिडून अंगरखा डोळ्यांसमोर धरला. शेगडीपाशी धाकटा एकटाच उरला.

धाकटा बस चालवायचा. त्याच्या मार्गाचा शेवटचा थांबा घरापासून चार घरं सोडून होता. दुपारी एक चाळीसला बस लागायची, एक चौपन्नला सुटायची. त्या चौदा मिनिटांत लग्नाआधीपासून आजवर तो आईच्या हातचं जेवत आला होता. याबद्दल बायको त्याला चिडवायची आणि तो म्हणायचा, की इंधन जवळच्या पंपावरच भरावं. आता चार महिने पंप बंद. त्यानं शेगडीच्या बटणाकडे पाहिलं. नुसतं जरासं फिरवलं की झालं. तळ करपला असता, कुणीही दोन घासांवर खाल्लं नसतं, आणि दोष बाबांच्या नवखेपणावर गेला असता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, बटण फिरवलं. आच भडकली.

निळी वही तशीच उघडी पडली होती. बाबांचं बारीक, सरळ अक्षर. आच, मिनिटं, चमचे. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: 'शेवटची दोन मिनिटं आच किंचित मोठी. तळाला खरपुडी धरते. ती धाकट्याला आवडते. दुपारी एक चाळीस, ताट तयार हवं.'

धाकट्यानं ते दोनदा वाचलं. मग त्यानं आच पुन्हा बारीक केली, वाकून ज्योत अगदी पूर्वीएवढीच आहे ना ते पाहिलं, आणि खिशात हात घालून उभा राहिला. बाबा दुपारचं जेवण करणार होते. त्याच्यासाठी. आणि आपण काय करत होतो!

"काय करतोयस तिथं?" थोरलीनं दारातून विचारलं.

"पहारा देतोय," तो म्हणाला. "कुणी हात लावू नये म्हणून."

तेवढ्यात झाकण हललं.

आधी नुसतं थरथरलं, मग एका बाजूनं उचललं गेलं आणि त्या फटीतून भाताची शितं बाहेर डोकावू लागली. "बाबा!" धाकटा ओरडला. "बाबा, भात बाहेर येतोय!"

सगळे एकदम आत घुसले. सुनेनं चपळाईनं शेगडी बंद केली, आणि आत्यानं "बाहेरची मदत!" म्हणून हरकत घेतली ती कुणी ऐकलीच नाही. बाबांनी झाकण काढलं. पातेलं काठोकाठ भरलं होतं, वर पाण्याचा टिपूस नव्हता. त्यांनी एक शीत बोटांत धरून दाबलं. आत टणक कण. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि कर्रकन आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"अठराच्या जागी बाराच मिनिटं झाली असतील," सून आशेनं म्हणाली.

"सोळा झालीत," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी वही पाहिली, पातेलं पाहिलं, काटा पाहिला. सहा रविवार त्यांनी हाच आकडा लिहिला होता. आई भात टाकायच्या आधी डबा तोलायचा, ती बाजूला झाली की पुन्हा तोलायचा, वजाबाकी करायची. कधी सातशे नव्वद, कधी आठशे दहा. मग आज असं का?

आत्यानं खाकरून घेतलं. "बाळ्या, राहू दे आता. तू प्रयत्न केलास. ही राहील घरी, आणि उद्यापासून आपलं सगळं पूर्वीसारखं."

खिडकीपाशी आई पुतळ्यासारखी बसली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो कसला ते त्यांना कळेना. पण एक त्यांना लख्ख कळलं, की आत्या म्हणते तसं नुसतं गप्प बसलं तरी काम भागतं. कुणी काही म्हणणार नाही. बायको घरात राहील, चहा मिळेल, संध्याकाळी मशीनचा आवाज येत राहील. त्यांना तो आवाज फार आवडायचा. चार महिने तो नसणार होता.

ते कपाटाकडे गेले. बाबा कधी काहीच फेकत नसत. तिथल्या खिळे-स्क्रूंच्या पेल्यातून त्यांनी गंजलेली जुनी स्प्रिंग काढली, काटा उलटा केला, चार स्क्रू काढले, नवी स्प्रिंग काढून जुनी बसवली. मग त्यांनी पिशवीतून दुकानातली पितळी वजनं काढली. पाचशेचं एक, शंभराचं एक. दोन्ही काट्यावर ठेवली.

सुई सहाशे ओलांडून गेली आणि आठशेवर जाऊन थांबली.

"म्हणजे काय?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "ही सहाशेच टाकते. आपला काटा आठशे सांगत होता. किती वर्षं, देव जाणे. परवा मी तो नीट केला आणि आज खरे आठशे टाकले." ते खुर्चीत बसले. "गिऱ्हाइकाचा काटा असता तर उघडण्याआधी वजन ठेवून चूक पाहिली असती. घरचा म्हणून पाहिलीच नाही. माझ्या घरचा काटा चुकेल कसा, म्हणून."

थोरलीला त्यांची दया आली आणि हसूही आलं. "बाबा, म्हणजे मागच्या वाढदिवसाला मी केलेला केक..."

"तो काट्यामुळेच बसला असणार. मी तुला बोललो होतो. माफ कर."

आधी सून हसली, आणि सुनेचं हसू म्हणजे तलावात पाचसहा जणांनी एकदम उडी मारावी तसं. मग धाकटा, मग थोरली. आत्याही पदर तोंडाला लावून हसली. आई हसली नाही. तिचं लक्ष टेबलावरच्या वहीकडे गेलं होतं. ती उठली, बोलायचं नव्हतं पण उठायला बंदी नव्हती, आणि तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं: 'दौऱ्याची तयारी'. खाली पहिल्या रविवारची तारीख.

ती तारीख तिला पाठ होती. मंडळीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. ते तिनं शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली लपवलं होतं आणि महिनाभर कुणाला दाखवलं नव्हतं, कारण स्वतःचंच मन तिला खरं वाटत नव्हतं. आणि मशीनला दर रविवारी तेल घालायला तो खण कोण उघडायचं?

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले, आणि त्या लाजेच्याही वर आनंद झाला. काही बोलता येत नव्हतं हे बरंच झालं, कारण नेमकं काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

बाबा उठलेच होते. "तांदूळ जास्त, पाणी कमी. एवढंच ना? पाणी वाढवलं की झालं. पण ह्यात जागा नाही." त्यांनी खालून दुसरं पातेलं काढलं.

"एकाच पातेल्यात, असं ठरलं होतं," धाकटा सवयीनं म्हणाला, आणि लगेच जीभ चावून आत्याकडे वळला. "म्हणजे... आत्या, तूच सांग. नियम तुझा."

सगळ्यांच्या नजरा आत्याकडे. आत्यानं भावाकडे पाहिलं. सहासष्ट वर्षांचा हा माणूस कमरेला फुलाफुलांचा ॲप्रन बांधून, हातात रिकामं पातेलं घेऊन, शाळेत निकाल ऐकायला उभा राहायचा तसा उभा होता. तेव्हाही तिनं त्याला कधी मारू दिलं नव्हतं कुणाला.

"शिजायला घातला तेव्हा एकच पातेलं होतं," ती म्हणाली. "नंतर त्याला भाऊ झाला, त्याला कोण काय करणार? घाल पाणी. आणि उकळतं घाल रे, गार नको."

"सूचना!" सून आणि थोरली एकदम ओरडल्या.

जेवायला बसेपर्यंत आठला दहा कमी होती. भात जरा जास्तच मऊ झाला होता, दुसऱ्या पातेल्यातला तर चमच्यात उभा राहत नव्हता. पण कोंबडी झकास होती आणि मिऱ्याचा वास नाकात भरत होता. थोरलीनं आजाऱ्याला औषध पाजावं तशा निष्ठेनं ताट संपवलं. सुनेनं दुसऱ्यांदा घेतलं. आत्या "मीठ कमी आहे" म्हणाली, आणि बोटं चाटली. आईनं शेवटचा घास खाऊन ताट असं पुसलं, की घासायची गरज उरली नाही.

फोन वाजला तेव्हा एकच ताट भरलेलं होतं. धाकट्याचं. त्यानं तळाची खरपुडी शेवटी खायची म्हणून राखून ठेवली होती, आणि भोवती भाताचा डोंगर.

आई फोनपाशी उभी राहिली, हात रिसीव्हरवर. बोलता येत नव्हतं. पाच वेळा वाजला.

"अरे, खा!" थोरली म्हणाली.

धाकट्यानं आईकडे पाहिलं. मग त्यानं ताट उचलून तोंडाशी धरलं. तीन घासांत डोंगर गेला, चौथ्यात खरपुडी. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, त्यानं रिकामं ताट सगळ्यांना दिसेल असं उलटं धरलं. एक शीतही पडलं नाही.

आईनं रिसीव्हर उचलला. "येते मी," ती म्हणाली. दिवसभरातले तिचे ते पहिले शब्द. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं असावं, कारण ती नुसती हसत राहिली. "हो, हो. राजाची बटणं पण तयार आहेत. फक्त एक पुन्हा काढून लावावं लागेल."

मग गोंधळ झाला. बॅग कुठली न्यायची यावर थोरली आणि सून यांची जुंपली. काल एका पक्षात असलेल्या त्या दोघी आज चाकं असलेल्या आणि नसलेल्या बॅगेवरून समोरासमोर उभ्या होत्या. आत्यानं धाकट्याला गाठून, दुपारी एक चाळीसला ती स्वतःही बाळ्याकडे जेवायला येणार असल्याचं सांगितलं. "चौदा मिनिटांत किती बोलता येतं ते मी तुला दाखवते," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात बाबा एकटेच टेबलाशी बसले होते. त्यांनी वहीत 'आठशे' खोडलं, शेजारी 'सहाशे' लिहिलं, कंसात 'सहा माणसं'. मग खालच्या ओळीत, सहानं भागून, नीट अक्षरात लिहिलं: 'एका माणसाला: शंभर ग्रॅम.'

आई ताटं ठेवायला आली होती. ती मागं उभी राहून वाचत होती हे त्यांना माहीत नव्हतं. तिनं त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली, वाकली, आणि त्याच्या खाली आपल्या मोठ्या, तिरप्या अक्षरात लिहिलं: 'चार महिन्यांनी, दोघांना: दोनशे.'

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"तू कधीपासून ग्रॅममध्ये बोलायला लागलीस?" ते म्हणाले.

"तुम्हाला कळावं म्हणून," आई म्हणाली.